ताट परत जाताना कोण बघतं?

वाचकाचं पत्र

ताई, मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मध्यंतरी आमच्याकडे रुग्णांच्या आहारावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यानंतर मी हौसेनं वॉर्डात आहाराचा तक्ता लावला, प्रत्येक पेशंटला प्रथिनं-जीवनसत्त्वं समजावून सांगायला लागले. सगळे मान डोलावतात आणि ताटं अर्धी भरलेली परत जातात. गेल्या महिन्यात न्यूमोनियाचे एक आजोबा होते. आले तेव्हा स्वतःच्या पायांनी आले. छाती साफ झाली, पण घरी जाताना त्यांना दोन पावलं टाकवेनात. मला वाटतं, ते आमच्याकडे उपाशीच होते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, आहारतज्ज्ञांना कळवा. आहारतज्ज्ञ मॅडम सगळ्या हॉस्पिटलला एकट्या. इंचार्ज सिस्टर म्हणतात, "आपलं काम औषधं आणि इंजेक्शनं, खाण्याचं नातेवाईक बघतील." नातेवाईक म्हणतात, "खात नाहीत ना, मग सलाइन लावा." वॉर्डात तीस पेशंट आणि आम्ही दोघी. हे खरंच माझं काम आहे का? आणि असेल तर मी नेमकं काय करू?

— एक स्टाफ नर्स

उत्तर

सिस्टर,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. हो, तुमचंच काम आहे. आणि तो तक्ता भिंतीवरून काढलात तरी काही बिघडणार नाही.

तक्त्यात चूक काही नाही. पण प्रथिनांचं महत्त्व पटलं नाही म्हणून वॉर्डातला पेशंट जेवत नाही, असं फार क्वचित घडतं. तो जेवत नाही कारण ट्रे त्याच्या हाताला येत नाही, कवळी ड्रॉवरमध्ये पडलेली आहे, ज्या हातानं जेवायचं त्यालाच सलाइनची सुई आहे, नाहीतर चार दिवस पोट साफ झालेलं नाही. यातलं काहीही समजावून सांगून सुटत नाही. ते कुणीतरी जाऊन बघावं लागतं, आणि त्या वेळी त्या जागी असणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही.

इंचार्ज सिस्टरांशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगते. अमेरिकन नर्सिंग-तज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी नर्सिंगच्या ज्या १४ मूलभूत गरजा मांडल्या, त्या आपण सगळ्यांनीच परीक्षेसाठी पाठ केल्या आहेत. पहिली श्वासोच्छ्वास. दुसरी पुरेसं खाणं-पिणं. औषधं देणं ही त्या यादीत वेगळी गरज म्हणून येतसुद्धा नाही. त्याच्याही आधी, १८५९ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवलं होतं की अन्न भरपूर असतानाही हजारो रुग्ण दरवर्षी उपाशी राहतात, कारण त्यांना ते कसं खाता येईल याकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणजे कमतरता अन्नाची नसते, लक्ष देण्याची असते.

आणि हे फक्त आपल्या पेशातल्या लोकांचं म्हणणं नाही. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्याच क्षेत्राला खडे बोल सुनावणारा लेख लिहिला. हॉस्पिटलमध्ये आल्यावर माणूस कुपोषित कसा होतो, त्याची कारणं त्यांनी एकेक करून मांडली: उंची-वजन न नोंदवणं, पेशंटनं किती खाल्लं ते न बघणं, तपासण्यांसाठी जेवण चुकवणं, दिवसचे दिवस नुसत्या ग्लुकोज-सलाइनवर ठेवणं, आणि जबाबदारी इतक्यांत वाटली जाणं की शेवटी ती कुणाचीच राहत नाही. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे बोट दाखवलं, इंचार्जनी नातेवाइकांकडे, नातेवाइकांनी सलाइनकडे.

आहार ठरवणं आहारतज्ज्ञांचं काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहू दे. स्वयंपाकघर अन्न पाठवतं. पण पाठवलेल्यातलं पोटात किती गेलं, हे दिवसातून तीन वेळा डोळ्यांनी बघायची संधी फक्त वॉर्डातल्या माणसांना असते. नोंदवहीत मात्र आपण काय लिहितो? "डाएट दिला." ही नोंद स्वयंपाकघराची झाली, पेशंटची नाही झाली. तुम्ही एकच सवय बदलणार असाल तर ही बदला. ताटातलं किती खाल्लं ते लिहा: काहीच नाही, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. ग्रॅम आणि कॅलरी मोजायची गरज नाही. ट्रे उचलणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवलं तर त्या तुमच्यापेक्षा अचूक सांगतात, कारण ताट त्यांच्या हातात असतं. मात्र पेशंटनं खाल्लं की शेजारी बसलेल्या नातवानं, हे एकदा विचारून घ्या.

तीन दिवस सलग "पाव, पाव, काहीच नाही" अशी नोंद दिसली, की डॉक्टरांशी होणारं बोलणंच बदलतं. "ते नीट खात नाहीत हो" या वाक्यावर डॉक्टर मान हलवून पुढच्या बेडकडे जातात. "बहात्तर तासांत नऊपैकी सात वेळा पाव ताटापेक्षा कमी, वजन दोन किलोनं उतरलंय" यावर त्यांना काहीतरी लिहावं लागतं. आणि आहारतज्ज्ञ एकट्या आहेत म्हणता ना, मग तीस पेशंटपैकी कोणाकडे आधी जायचं हे त्यांना तुमच्या नोंदीवरूनच कळेल.

वजनाचा विषय निघालाच आहे तर तेही. दाखल होताना वजन आणि उंची, आणि मग आठवड्यातून एकदा वजन, हे झालंच पाहिजे. ब्रिटनमध्ये २००३ पासून वापरात असलेली 'मस्ट' ही कुपोषणाचा धोका ओळखणारी चाळणी त्यासाठी सोपी आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २० च्या वर असेल तर शून्य गुण, १८.५ ते २० असेल तर एक, त्याखाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांच्या आत असेल तर शून्य, ५ ते १० टक्के असेल तर एक, त्याहून जास्त असेल तर दोन. तीव्र आजार आहे आणि पाच दिवसांहून अधिक काळ पोटात काही गेलेलं नाही किंवा जाण्याची शक्यता नाही, तर आणखी दोन. बेरीज दोन किंवा जास्त आली की धोका मोठा, आहारतज्ज्ञांना आजच कळवायचं. पेशंट उभा राहू शकत नसेल तर दंडाचा घेर मोजा. तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय बहुधा २० च्या आत असतो.

इथे दोन गोष्टींत फसायला होतं. पायाला सूज किंवा पोटात पाणी असलेल्या पेशंटचं वजन काट्यावर ठीक दिसतं आणि स्नायू मात्र झिजत असतात. आणि लठ्ठ पेशंट. "त्यांना काय होतंय, साठा आहे भरपूर" असं आपल्यातलेच लोक हसत म्हणतात. साठा चरबीचा असतो. आजारपणात झिजतो स्नायू, आणि चालायला, खोकून कफ काढायला स्नायूच लागतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघून पोषणाचा अंदाज बांधायची जुनी सवयही सोडा. अंगात दाह असला की ते तसंही खाली येतं.

तुमच्या आजोबांचं असंच झालं असावं. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस दहा दिवसांत गेलं होतं, आणि ते लोक ना आजारी होते ना उपाशी. त्यात न्यूमोनियाचा ताप आणि अर्धी परत गेलेली ताटं मिळवा. आजोबांना चालवेना यात नवल नाही. म्हणून जेवण आणि चालणं या दोन्ही गोष्टी एकदमच बघायच्या. शक्य असेल त्या पेशंटला जेवायला खुर्चीत बसवा, दोन्ही साधतं.

आता पेशंट का खात नाही, याकडे येऊ. खरं काम इथे आहे आणि बहुतेक वेळा ते दोन मिनिटांचं असतं.

आधी तोंड बघा. टॉर्च घेऊन, आत. जिभेवर पांढरा थर, छाले, कोरडेपणा, हलणारा दात. बुरशीचा संसर्ग झालेल्या तोंडात घास घोळवणं म्हणजे शिक्षा असते, आणि उपचार साधा असतो. जेवणाआधी चूळ भरून घेतली, कवळी धुऊन बसवली, चष्मा डोळ्यांवर ठेवला, एवढ्यावर काही पेशंट अर्ध्या ताटावरून पाऊण ताटावर येतात. मग पोट: शौचाला कधी झालं? आपण वेदनाशामकं देतो, त्यातल्या अफूवर्गीय औषधांनी बद्धकोष्ठ होतं आणि भूक मरते. मग औषधांचा तक्ता: मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला धातूसारखी चव येते, मेटफॉर्मिननं मळमळतं, डिगॉक्सिनचं प्रमाण वाढलं तर भूक जाणं हे पहिलं लक्षण असू शकतं. हे शेवटचं नुसतं नोंदवून थांबू नका, लगेच कळवा. मग वेदना. मळमळीचं किंवा दुखण्याचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी दिलं तर पेशंट जेवायला बसू शकतो, जेवणानंतर दिलं तर ताट तोवर परत गेलेलं असतं. आणि आजूबाजूला नजर टाका. शेजारच्या कॉटवर बेडपॅन लावलेलं असताना कुणाला जेवण जाईल?

एक कारण तुमच्या यादीत बहुतेक नसेल. काही पेशंट मुद्दाम कमी खातात आणि कमी पितात, कारण त्यांना शौचाला किंवा लघवीला न्या म्हणून सांगायची लाज वाटते. "आपल्यामुळे सिस्टरना त्रास नको." हे ते कधीच आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं, आणि विचारताना घाईत दिसून चालत नाही. दुःख, भीती, घरची काळजी यांनीही घास उतरत नाही, त्याला टॉर्च उपयोगाची नाही. चार दिवसांत सुधारणा नसेल तर मनाच्या आजाराचा विचार व्हायला हवा, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

बेड क्रमांक अमुक 'एनबीएम', म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, हे वाक्य ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये आलं की त्यापुढे "कशासाठी आणि किती वाजेपर्यंत" हे विचारायची सवय लावा. सोनोग्राफी पुढे ढकलली जाते, एंडोस्कोपी रद्द होते, आणि उपाशी ठेवण्याची पाटी मात्र संध्याकाळपर्यंत कॉटला लटकत राहते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी सर्वसाधारण पेशंटला भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखी पातळ, स्वच्छ पेयं आणि सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं चालतं, असं भूलतज्ज्ञांचे निकष सांगतात. मध्यरात्रीपासून घोटभर पाणीही नाही, हा सरसकट नियम त्यात बसत नाही. मधुमेह, गर्भारपण, पोट उशिरा रिकामं होणं यांसारख्या कारणांनी काहींना वेगळे नियम लागतात, म्हणून स्वतःच्या अधिकारात काही करू नका. पण विचारा. तपासणी रद्द झाली की पहिला फोन स्वयंपाकघराला.

सलाइन. नातेवाइकांवर चिडू नका, बाटली टांगलेली दिसली की काहीतरी चाललंय असा धीर येतो. त्यांना आकडे सांगा, आकडे लोकांना कळतात. साध्या सलाइनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे १७० ते २०० किलोकॅलरी, आणि प्रथिनं अजिबात नाहीत. साठ किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १८०० किलोकॅलरी आणि निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा वगैरे आजार असेल तर हिशेब वेगळा. एवढ्या कॅलरी त्या बाटलीतून द्यायच्या तर आठ-दहा लिटर चढवावं लागेल, आणि पेशंट त्याच्या आधीच पाण्यानं फुगेल. हे सांगून झालं की लगेच त्यांच्या हाताला काम द्या. "तुम्ही त्यांना बसवून शांतपणे भरवा, आणि किती खाल्लं ते मला सांगा." सलाइन मागणारा नातेवाईक असा तुमचा मदतनीस होतो. इंचार्ज सिस्टरांचं "नातेवाईक बघतील" इतपत बरोबरच आहे. पण ज्यांना कुणीच नाही, ते पेशंट आधी शोधा.

मात्र भरवणं नातेवाइकांकडे देताना गिळण्याची खात्री तुम्हीच करायची. ही जबाबदारी कुणाला देता येत नाही. पक्षाघाताचा पेशंट असेल, गुंगीत असेल, घोट घेतल्यावर खोकला येत असेल, किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर, घुरघुरल्यासारखा होत असेल, तर थांबा आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. ज्यांना देता येतं त्यांना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आधीचा घास उतरल्यावरच पुढचा, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. नळीनं आहार देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा. नळी जागेवर आहे की नाही हे हवा सोडून स्टेथोस्कोपनं ऐकून ठरवू नका, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पोटातल्या द्रावाचा पीएच (आम्लता) किंवा एक्स-रे, यांवरच जायचं.

आणखी दोन ठिकाणी जपायचं. इन्सुलिन द्यायच्या आधी ताट आलं आहे का आणि पेशंट जेवणार आहे का, हे डोळ्यांनी बघा. इन्सुलिन गेलं आणि जेवण गेलं नाही, तर तासाभरात घाम फुटलेला, बडबडणारा पेशंट तुमच्यासमोर असेल. तो जेवायला नाही म्हणाला तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, खूप दिवस उपाशी असलेला माणूस आला की आपल्याला दया येते आणि आपण भरपूर खायला घालायला जातो. दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या किंवा बीएमआय १६ च्या खाली असलेल्या पेशंटला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. अशा वेळी ब्रिटनचे २००६ चे निकष दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरीपासून सुरुवात करायला सांगतात, त्याआधी थायामिन (जीवनसत्त्व ब-१) आणि सोबत रक्ताच्या तपासण्या. "उपाशी होते" हे दाखल करतानाच तुम्ही विचारून लिहिलंत, तरच पुढचं सगळं घडतं.

आता वेळेचं. दोघींत तीस पेशंट, हे माझ्या कोणत्याही सल्ल्यानं बदलणार नाही, ते प्रशासनानं बदलायचं आहे. पण तीसही जण धोक्यात नसतात. चाळणी लावलीत तर पाच-सात नावं निघतील. त्यांच्या ट्रेवर एखादी खूण ठेवा. ब्रिटनमध्ये काही रुग्णालयं अशा पेशंटसाठी लाल ट्रे वापरतात, म्हणजे मदत लागणार हे वाढणाऱ्याला लांबूनच कळतं. तिकडे जेवणाच्या वेळी वॉर्डात राउंड-तपासण्या बंद ठेवायचा नियमही करून पाहिला गेला. अभ्यासांत त्याचा सगळीकडे फायदा दिसला नाही, आणि मला ते पटतं. नुसतं दार लावून कुणाच्या पोटात घास जात नाही, त्या वेळात मोकळे झालेले हात भरवायला लागले तरच उपयोग. तेवढी पंधरा-वीस मिनिटं एकीनं औषधांची ट्रॉली बाजूला ठेवून त्या पाच-सात कॉटवर फिरायचं, असं आपापसात ठरवून बघा.

औषधांच्या राउंडचाही उपयोग करता येतो. एका मिलिलिटरला दोन किलोकॅलरी देणारं दाट पौष्टिक पेय आहारतज्ज्ञांनी मंजूर केलं, तर गोळ्यांसोबत ६० मिलिलिटर दिवसातून चार वेळा द्यायचं. ४८० किलोकॅलरी होतात, त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, आणि मोठा पेला बघून नाही म्हणणारा पेशंट दोन घोटांना नाही म्हणत नाही. थायरॉइडच्या गोळीसारखी रिकाम्या पोटी द्यायची औषधं तेवढी वगळा.

डॉक्टरांशी बोलताना आणखी एक अभ्यास हाताशी असू दे. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या २०८८ पेशंटवर झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार ठरवून, पाठपुरावा करून दिला गेला त्यांच्यात तीस दिवसांतले मृत्यू ७ टक्के होते, नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १० टक्के. एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक पाडला असता तर त्याची माहितीपत्रकं तुमच्या टेबलावर येऊन पडली असती.

इंचार्ज सिस्टरांना मात्र अभ्यास ऐकवू नका, त्यांना ते उपदेशासारखं वाटेल. एका आठवड्याच्या नोंदी दाखवा. सात पेशंट, त्यांची ताटं, त्यांची वजनं. आणि सोबत एक लहानशी मागणी ठेवा: हँडओव्हरमध्ये लघवी-शौचाबरोबर "किती खाल्लं" हा रकाना. डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचं आणि जातानाचं वजन शेजारी शेजारी लिहायचं, ही दुसरी मागणी महिनाभरानंतर करा. दोन्ही एकदम मागितल्यात तर दोन्ही नाकारल्या जातील.

सुरुवात करण्याआधी वॉर्डातला वजनकाटा चालतो का ते बघा. नसेल चालत तर त्याच्या दुरुस्तीची तक्रार आजच लिहून द्या, आणि त्या तक्रारीची तारीख स्वतःकडे टिपून ठेवा.